मला विरह जमत नाही

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (यातून दोन्ही गुडघे वजा समज; बाकीची अंगं मनापासून नमस्कारात आहेत.) तुझा खोकला आता कसा आहे? डाव्या खांद्याचं काय म्हणणं? इकडे आम्ही दोघं ठीक. हे नेहमीसारखेच, म्हणजे तब्येत उत्तम आणि तक्रारी भरपूर.

तुझं पत्र मिळालं. घर आवरून तू मुलाकडे, समुद्रापलीकडे, कायमची जाणार हे वाचलं. तुझा निर्णय अगदी योग्य आहे आणि त्यात मी एका शब्दानेही ढवळाढवळ करणार नाही. मुलगा गुणी आहे, सून समजूतदार आहे, तिकडची कोरडी हवा खांद्याला मानवेल. झालं, विषय संपला. आता माझी फजिती ऐक.

आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळाने या वेळी ‘काव्यातला विरह’ असा विषय ठरवला आणि भाषण माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर मी गाड्यांचं वेळापत्रक वाचतानाही ‘सुटण्याची वेळ’ आली की डोळे पुसते, असं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं मत. (या बाई माजी मुख्याध्यापिका आहेत, त्यांच्या मताला अजूनही घंटा वाजल्यासारखं सगळे उठून उभे राहतात.) मग काय, बसले वाचत. ताई, कवितांमधल्या या बायका भलत्याच सुखी गं! सखा दूर गेला की जेवणं बंद, चांदणं अंगाला पोळतं, आणि हात इतके वाळतात की बांगड्या गळून पडतात. दिवसभर खिडकीशी बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाखराला निरोप सांगायचा. एकीलाही गॅसचा सिलिंडर बदलावा लागत नाही. आणि एकीचाही सखा छत्री राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत येत नाही.

छत्रीवरून आठवलं. मला वाटलं, या विषयावर बोलायचं तर थोडा तरी अनुभव हवा. आमच्या संसारात माझी बाळंतपणं सोडली तर आम्ही कधी वेगळे राहिलोच नाही. दुकान खाली, घर वर. हे खाली चष्मे बसवतात आणि आमटीला फोडणी बसली की वर येतात. पण योग जुळून आला. यांच्या पुतण्याने दुसऱ्या गावी चष्म्यांचं दुकान काढलं आणि काचा घासायचं यंत्र काकांशिवाय कुणाला लावता येईना. आठवडाभर तरी मुक्काम होता. मी मनातून हरखले. निघायच्या दिवशी निळी साडी नेसले, केसांत वेळ घालवला आणि दाराच्या चौकटीला टेकून, मान जरा कलती करून उभी राहिले. यांनी बॅग खाली ठेवली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “कंबर धरली का गं? मलम कपाटात आहे.”

गेले. मी डोळ्यांत पाणी आणायच्या बेतात होते, तोच छत्रीसाठी परत आले. पुन्हा चौकट, पुन्हा मान. मग चष्म्यासाठी आले. (चष्मेवाल्याने चष्मा विसरावा, पण आपल्या घराण्यात आलेल्या माणसांकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?) शेवटी खरोखर गेले, मी एक कविता मोठ्याने वाचली, आणि दुपारी पाहते तर जिन्यात खोकल्याचा आवाज. बस बिघडली म्हणे. जेवले, झोपले, चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसला निघाले. तेव्हा मी कुकर लावत होते. ओट्यापाशी उभी राहूनच “हं, या” म्हटलं. माझा विरह असा सुरू झाला.

पुढचं तुला खरं सांगायला हरकत नाही. मी पलंगावर आडवी-तिडवी झोपले. पुस्तक नाकासमोर धरून ब्रेडला जाड जॅम लावून खाल्ला, तोही उभ्याने. ‘झाकण कुठे आहे’ असं कुणी विचारलं नाही. चांदणं पोळलं वगैरे नाही, उलट चांगला वारा होता. आणि बांगड्या? ताई, त्या घट्ट झाल्या! मनगट लाल झालं, तेव्हा शेजारच्या नर्सबाईंनी साबण लावून, माझा हात कोपराखाली दाबून एकेक ओढून काढली. “मावशी, एवढं काय खाताय?” त्या घामाघूम होऊन म्हणाल्या. “अगं, नवरा गावाला गेलाय,” मी म्हटलं. “मग लवकर बोलवा त्यांना,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पुढच्या वेळी करवत लागेल.”

भाषणात हे सगळं सांगितलं. बायका हसून हसून खुर्च्यांवरून घसरायच्या बाकी होत्या. नेमकं तेव्हाच मागचं दार करकरलं आणि हे बॅग घेऊन शेवटच्या रांगेत येऊन बसले. पुतण्याकडची उशी उंच होती म्हणे, म्हणून दोन दिवस आधीच परतले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “वक्त्यांचा विरह भाषणाच्या आधीच संपलेला दिसतो,” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई उठल्या. “गंमत झाली,” त्या म्हणाल्या, “पण कुणी गेल्यावर तुम्हाला खरंच करमलं नाही, असं माणूस कोण?” मी सौजन्य म्हणून यांच्याकडे पाहिलं. यांनी कॉलरही नीट केली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, “माझी ताई.”

मग सगळंच निघालं. तुझी शाळा संपली तो दिवस, कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलचं फाटक, तू तुझी ट्रंक घेऊन निघालीस आणि मी मागे राहिले. मोठ्या सिस्टरनी माझ्या हातात इस्त्रीचा रुमाल दिला होता. “रुमाल हलवायचा असतो, बाळ. त्यात तोंड खुपसायचं नसतं.” ताई, एवढ्या वर्षांनी मी भर सभेत तोंड खुपसलं. रुमालात नव्हे, पदरात. नाकाचं काय झालं ते लिहीत नाही.

घरी येताना हे म्हणाले, “माझ्यासाठी एवढी कधी रडली नाहीस.”

“तुम्ही परत येता हो,” मी म्हटलं.

त्यावर त्यांनी माझी पिशवी आपल्या हातात घेतली आणि जिना चढेपर्यंत एकही तक्रार केली नाही.

असो. फार पाल्हाळ झालं. मुलाला, सुनेला आशीर्वाद. तू आनंदाने जा, पोचल्याचं कळव, खांद्याला जप. मला काहीही वाईट वाटत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. काचेची दारं असलेलं कपाट मला हवं का, असं तू विचारलं आहेस. नुसतं कपाट नको. (तसं ते आमच्या मागच्या खोलीत खिडकीशेजारी बसतं. यांनी माप घेतलं. सहज.)

आणखी एक. ढवळाढवळ करणार नाही म्हटलं, ते पाळते आहे. फक्त भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, आई तुझ्याकडे राहिली तर माझी निम्मी काळजी मिटेल. आम्ही दोघं दिवसभर कामावर. इथे ती भांडणार कुणाशी? दर वर्षी मी तिला इकडे आणीन, पण विचार तूच. मी विचारलं तर तिला वाटेल, मुलाला आपण नकोशा झालो.” म्हणून मी विचारते आहे. ये ना गं. माझ्याकडे राहायला ये.

शेवटचं. मागच्या खोलीत कालपासून रंगारी आला आहे. पिस्ता रंग यांनी निवडला, तो तुला अजिबात आवडणार नाही. पहिला हात झाला. दुसरा हात मी थांबवून ठेवला आहे आणि रंगारी बादल्यांशेजारी बसून चहा पितो आहे. लवकर निघ.