राजाची अडीच घरं

मंगळवार, ८ ऑक्टोबर

डोकं फिरलं आहे. बुद्धिबळाच्या क्लासमधला पराग आज पुन्हा वजिरापुढचं प्यादं टाकून बसला! किती वेळा सांगितलं होतं – राजापुढचं टाक, राजापुढचं. मले ड्रॅगन नावाचा डाव शिकायचा आहे. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की मी काळ्याकडून वजिराकडच्या उंटापुढचं दोन घरं टाकते, तिथून तो सुरू होते. मग त्याचा राजा एका बाजूला हत्तीच्या आड जाऊन किल्लेकोट करते, माझा दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही एकमेकांच्या राजावर तुटून पडतात. कोण आधी पोचते एवढाच सवाल.

पराग म्हणते, "यार, उसमें दिमाग का दही हो जाता है." आणि भजन म्हटल्यासारखा सावकाश खेळत बसला.

१० नोव्हेंबरला युनिव्हर्सिटी टीमची ट्रायल आहे. मुलींची एकच जागा उरली. माझं फायनल इयर. यंदा नाही तर कधीच नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नेहरू नगरला क्लासमध्ये आनंद सरांना विचारलं, कोणाशी तरी रोज एक डाव लावून द्या. म्हणाले, "समृद्धी, लड़कियाँ सॉलिड खेलें तो पॉइंट आते हैं."

मुलांना कधी म्हणतात का असं? परवा एका पोरानं तीन मोहरे फुकटात दिले तर तो 'अटैकिंग प्लेयर'. मी एक दिला तर मले 'जल्दबाज़ी'. सायकल दामटत घरी आली. सेक्टर ६ च्या चौकात एका स्कूटरवाल्यावर ओरडली. त्याची काही चूक नव्हती, पण ओरडली.

रविवार, १३ ऑक्टोबर

बाबांचा आज ऑफ होता. क्रेनवर आठवडाभर शिफ्टा मारून माणूस झोपेल, तर नाही! "पार्टनर पाहिजे ना तुले? मी आहो ना. मांड पट."

मांडला. बाबांनी प्यादं एकच घर टाकलं. मी म्हटलं, बाबा, पहिल्या चालीत दोन घरं जाते. "पायदळ आहे ते. पायदळ एकेक पाऊलच चालते." किल्लेकोट नाहीच. त्याच्याऐवजी राजाले अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आजोबा गोंदियाकडे गावात खेळायचे, तेच रूल. अशा पटावर ड्रॅगन जन्मालेच येत नाही, हे यांना कोण सांगणार?

दोन घंटे गेले. आईनं मधात दोनदा चहा आणून ठेवला. शेवटी मी त्यांच्या राजाले कोपऱ्यात गाठलं, तर बाबांनी टुणकन अडीच घरं उडवला आणि हसायला लागले. वरून म्हणे, "आणखीन एक?"

बुधवार, १६ ऑक्टोबर

जेवण झालं की खोलीत, मोबाईलवर. लोक हरायला लागले की पळून जातात. कॉम्प्युटरशी लावलं तर तो एक तर मले चिरडते नाही तर मुद्दाम येड्यासारखं खेळते. मले माणूस पाहिजे. रागानं माझ्यावर चालून येणारा.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

बाबांची फर्स्ट शिफ्ट. तीन वाजता जेवून पट मांडून तयार! मी म्हटलं, बाबा, मले प्रॅक्टिस करायची आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खेळ ना बाई त्यांच्यासंग. आल्यावर पहिले तुलेच विचारतात." बसली. पुन्हा दोन घंटे पाण्यात. मी मुद्दाम प्रत्येक चालीला मोठ्यानं सुनावलं – इथं खरं तर उंट कोपऱ्याच्या तोंडावर येते, इथं खरं तर हत्ती देऊन घोडा मारायचा असते, पण तुमच्या रुलात ते जमत नाही! बाबा नुसते हूं, हूं करत होते. भिंतीशी बोलावं तसं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

दिवाळी. चकली, पाहुणे आणि बाबांचा पट. संताप.

रविवार, ३ नोव्हेंबर

परागच्या मागे लागून लागून एकदाचा तो राजापुढचं प्यादं टाकायला तयार झाला. पाच डाव. तीन मी जिंकले! हत्ती देऊन घोडा मारला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ही जागा माझी आहे. कोणी माय का लाल घेऊ शकत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

जोडेही न काढता लिहायला बसली.

शेवटचा राउंड, रायपूरची कृतिका, मी काळ्यावर. ड्रॅगनच लागला. अगदी मले पाहिजे तसा. तिचं कडेचं प्यादं धावत आलं, मी हत्ती दिला, तिचा राजा उघडा पडला. पुढच्या दोन चालींत मी जिंकत होती. घड्याळात अर्धं मिनिट. ती माझ्या राजावर मात लावायला टपली होती, आणि मी काय केलं? राजा उचलला आणि अडीच घरं उडवला.

अडीच घरं! किल्लेकोट केल्यावर!

कृतिका आधी हसली, मग तिनं हात वर केला. आर्बिटर आले. चाल रद्द, तिला दोन मिनिटं जास्त. आणि हात राजाला लागला म्हणून राजाच हलवावा लागेल. घोडा हलवला असता तर वाचली असती. राजा हलवला. तिनं दोन चालींत मात केली.

जागा तिची झाली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बाबांना म्हटलं. सगळं म्हटलं. तुमच्या त्या गावठी अडीच घरांनी माझं वर्ष खाल्लं. तुम्हाले खेळता येत नाही तर खेळू नका, पण मले कायले बिघडवलं? आई "पुरे, समृद्धी" म्हणत होती, मी थांबली नाही.

बाबा डबा न घेताच ड्युटीवर गेले. जाऊ दे! मले वाईट वाटलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पट माळ्यावर टाकून दिला.

संध्याकाळी पुंडलिक काका आले, बाबांच्याच क्रेनच्या शॉपमधले. बाबा बाजारात होते. काका म्हणाले, "काय झालं ओ याले? तीन दिवस झाले, डब्याच्या टाइमले पट काढत नाही."

मी विचारलं, कोणता पट?

"अवो, आमचा कॅन्टीनचा. त्याच्यासंग कोणी खेळाले तयार नाही आता. काळे घेते, उंटापुढचं प्यादं दोन घर टाकते, किल्लेकोट करते, मंग हत्ती देऊन घोडाच मारते! दिवाळीपासून लयच माजला. म्हणे, माझी पोरगी घरी मोठ्यानं सांगते, मी कान देऊन ऐकतो."

मी चहा ठेवायला आत गेली आणि गॅस पेटवायलाच विसरली.

बाबांना दोन घरं येतात. किल्लेकोट येते. माझा अख्खा ड्रॅगन येते! मी गावभर पार्टनर शोधत फिरली, परागच्या पाया पडायची बाकी राहिली, आणि हा माणूस समोर बसून एकेक घर प्यादं सरकवत होता. येऊ दे घरी. आज सोडत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

काल हिंमत झाली नाही. आज विचारलं, दारातच, भांडायच्या तयारीनं.

बाबा सेफ्टी शूज काढत होते. वर पाहिलं नाही.

"तुमच्या रुलचा डाव अर्ध्या घंट्यात सरते, पोरी. मंग तू मोबाईल घेऊन खोलीत जाते."