काळ्या गाडीचं मागचं दार

प्रिय ठमे,

फोन केला की तू "कामात आहे बाबा, नंतर करते" म्हणतेस, आणि तो नंतरचा फोन काही येत नाही. आठ महिने झाले. रागावलो नाहीये. तुझी तक्रार मला तोंडपाठ आहे: ज्या सकाळी आईला न्यायचं होतं, त्या सकाळी तिच्याजवळ बसायचं सोडून मी कामावरच्या आवारात गाडी धूत होतो. तू बाहेर आलीस, "बाबा, आज तरी!" म्हणालीस, आणि मी काय म्हणालो तर, "बाजूला हो, शिंतोडे उडतील." एवढंच. दुसरं काही सुचलं असतं तर बोललो असतो. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस ती भरलीसच.

आज रविवार आहे, दुपारची वेळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. बेसिनचा नळ गळायचा तो दुरुस्त केला. तुझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते. मी दोन वेळा जेवतो, झोपही लागते. लोक विचारतात कसे आहात, मी बरा आहे म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. कशाचं काही वाटत नाही, एवढंच. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आहे. तो निदान संध्याकाळपर्यंत परत येतो.

कामावर मालकांनी तिसरी गाडी घेतली, गडद निळी. दिसायला काळीच, आणि काळ्या गाडीइतकीच कटकटीची. तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी मयताच्या गाड्या धुतोय. पांढऱ्या गाडीवर काहीही खपतं. काळी गाडी चहाडखोर असते, कुणी कसा हात फिरवला ते उन्हात उभी केली की सगळ्या गावाला सांगते. सूर्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्याच्याभोवती बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसायला लागतं. लोकांना वाटतं ते रस्त्यावर पडतात. ते पडतात धुणाऱ्याच्या हातून. म्हणून आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, मग दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. हात वरून खाली, सरळ रेषेत. पुसताना टॉवेल नुसता ठेवायचा, टिपायचं आणि उचलायचा. आणि कोरडं फडकं धुळीवर कधी, म्हणजे कधीच फिरवायचं नाही. मागच्या वर्षी नव्या ड्रायव्हरने नुसत्या रुमालाने बॉनेट झटकलं, तर मी त्याला असा झापला की बिचारा आठवडाभर माझ्या वाटेला आला नाही.

तुझ्या आईला या सगळ्याचं फार हसू यायचं. टॉवेलची शिवलेली कड टोचते, रेघ उमटते, म्हणून मी नवे टॉवेल आणले की तिच्यापुढे ठेवायचो. ती दिवसभर दुकानात लोकांचे कपडे शिवून यायची आणि घरी बसून माझ्या टॉवेलांच्या कडा उसवायची. दुकानात सगळ्यांना सांगायची, "जगाचे नवरे शिवून मागतात, आमचे उसवून मागतात." मी एखादा टॉवेल गालावर फिरवून बघायचो, कुठे दोरा राहिलाय का. ती म्हणायची, "लग्न ठरवताना माझ्यावरून एवढी नजर फिरवली नव्हती." मी म्हणायचो, तेव्हा उजेड कमी होता. हे रोजचंच होतं. दवाखान्यात तिने मला एकदाच विचारलं, "किती उरलेत?" मला वाटलं दिवस विचारतेय. ती टॉवेलांचं विचारत होती.

त्या सकाळचं सांगतो. आदल्या दिवशी काळी गाडी कुठल्याशा बांधकामाजवळून आली होती, चाकांपासून छतापर्यंत सिमेंटची धूळ. आमच्याकडे नियम आहे, आत कुणीही असो, गाडी त्या माणसासाठी नव्याने धुवायची. मालक म्हणाले, आज तुम्ही राहू द्या, आपला गाड्या रंगवणारा पेंटर धुवेल. पेंटर माणूस चांगला, पण हात जड. मी म्हटलं, मीच धुतो. तुला वाटलं मला गाडीची पडली होती. खरं सांगू का? आत खोलीत मी अर्धा तास बसलो होतो. तिच्याकडे बघत होतो आणि मला काही म्हणजे काहीच होत नव्हतं. मावशी रडत होती, तू रडत होतीस, आणि मी पंख्याचा आवाज ऐकत होतो. मला माझीच लाज वाटली. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघाल आणि हे ओळखाल, या भीतीने मी बाहेर पडलो. गाडी धुवायला लागलो तेव्हा निदान हातांना काय करायचं ते ठाऊक होतं.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण तू मावशीबरोबर पुढच्या गाडीत जाऊन बसली होतीस. आईला गाडीत ठेवलं, मागचं दार लावलं. तेवढ्यात वारा सुटला आणि दारावर धूळ बसली. टॉवेल आतल्या खोलीत होते. मी कोटाची बाही ओढून घेतली आणि पुसायला लागलो. कोरडी बाही, ठमे. गोल गोल, जोर लावून. बाहीचं बटण कर्रकर्र वाजत होतं, ते मला ऐकू येत होतं, आणि हात थांबत नव्हता. तोंडाने काहीतरी बोलत होतो म्हणे, काय ते आठवत नाही. नव्या ड्रायव्हरने येऊन माझं मनगट धरलं. "काका, झालं स्वच्छ," म्हणाला. ज्याला मी एका रुमालावरून झापलं होतं, तो. त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही.

हँडलच्या खाली ओरखड्यांची ताटाएवढी जाळी उठली होती. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला आवारात उभा केला नसता. पण आठ महिने मी तिला पॉलिशचं मशीन लावलं नाही. गाडी उभी करताना ती बाजू भिंतीकडे करायचो, आणि सकाळी कुणी यायच्या आत एकदा जाऊन बघून यायचो. तेव्हाही डोळ्यांत पाणी वगैरे येत नव्हतं. बघायचो, आणि कामाला लागायचो.

शुक्रवारी मालकांनी गाडी उन्हात वळवली आणि त्यांना ती जाळी दिसली. म्हणाले, "हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?" काल मशीन लावलं. त्यासाठी रंगावरचा पारदर्शक थर थोडा घासून काढावा लागतो. वीस मिनिटांचं काम. दिवा धरून बघितलं, दार स्वच्छ. खाली बसून बघितलं, वाकून बघितलं, काही नाही. मालक म्हणाले, वा. मी मशीन पुसून ठेवलं, घरी आलो, आणि चप्पल काढताना लक्षात आलं की तू कधी आलीस तर तुला ते दार दाखवायचं असं मी मनाशी धरून चाललो होतो. तुला काही सांगावं लागलं नसतं. तू नुसतं बघितलं असतंस, माझी पोर आहेस, कळलं असतं तुला की हा हात कुणाचा आणि त्या वेळी तो कसा होता. आता दाखवायला काही नाही. म्हणून लिहून सांगतोय. तेवढं खरं मान.

तुझाच,
बाबा