भाईकाकांच्या सिनेमाला दोनच तारे

देवबाग, ता. मालवण
६ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास, काकीचे पोटभर आशीर्वाद.

घरात फोन एकच, आणि तुझे नाव दिसले की तुझे भाईकाका तो उलटा घालून ठेवतात. म्हणून हे पत्र. तुझ्या पेपरात सिनेमाला पाचातले दोनच तारे छापून आल्यापासून तुझा विषय काढायची सोय राहिलेली नाही. गेल्या वर्षी आपल्या बंदरावर शूटिंग झाले, भाईंना म्हाताऱ्या खलाशाचे काम मिळाले. चार वाक्यांसाठी महिनाभर मला झोपू दिले नाही. आणि पुतणीनेच असे करावे?

मोबाइलवर प्रेक्षकांनी दहापैकी साडेनऊ दिलेत. भाई म्हणतात, समीक्षक फुकट बघून नाक मुरडतात, लोक पदरचे पैसे घालतात, म्हणून खरे लोकच सांगतात. तुला म्हणून सांगते, त्यातले बरेचसे लोक देवबागचेच. भाई घरोघर फिरून दहा दाबून घेत होते. सिनेमा अजून इथे कोणी पाहिलेला नाही. कणकवलीला तो सतरा तारखेला लागेल.

तू असे का केलेस, ते मला तरी कळव. वेळेवर जेव.

तुझी,
सुगंधाकाकी


मुंबई
१३ जानेवारी २०२५

ती. सुगंधाकाकीस, अपेक्षाचा सा. न.

काकी, आम्ही समीक्षक काही देवमाणसे नव्हेत. निर्मात्याकडे जेवून आल्यावर अर्धा तारा वाढवणारेही आमच्यात आहेत. पण मी हे दोन तारे प्रामाणिकपणे दिले. गोष्ट रेंगाळते, आणि सगळे खलाशी पुण्याचे वाटतात.

आता जे फोनवर सांगायचे होते ते लिहिते. भाईकाकांचा प्रसंग सिनेमात नाही, कापलाय. होडीचा दोर सोडणारा त्यांचा हात तेवढा दिसतो. मला इतका राग आला की, दोन तारे त्या रागातून तर दिले नाहीत ना, अशी शंका आली. म्हणून तिकीट काढून पुन्हा पाहिला. तरी दोनच.

गाववाल्यांसमोर थेटरात कळण्यापेक्षा तू त्यांना आधीच हळूच सांग. माझ्याने ते होईना.

तुमची माया अशीच असू द्या.

अपेक्षा


देवबाग
२० जानेवारी २०२५

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी पोचले. आम्ही शुक्रवारीच दोन टेम्पो भरून कणकवलीला जाऊन आलो होतो.

भाईंनी नवा शर्ट घातला होता. हात दिसला तशी टाळ्या पडल्या. मग सगळे तोंडाची वाट बघत राहिले. सिनेमा संपून दिवे लागले तरी कोणी उठेना. परतताना कसालला चहाला थांबलो, तिथे शेजारच्या लवूने भीतभीत विचारले, दिलेले दहा मागे घेऊ काय. मी भाईंचा हात धरला. ते म्हणाले, "नुसत्या हाताक धा दिलास. मी आखो दिसलंय असतंय तर तुमी काय केला असतास?"

आधी तेच हसले, मग दोन्ही टेम्पो. लवूने तिथल्या तिथे दहाचे चार केले. वाडीतल्या सुशीलाने मात्र दहाच ठेवले. तिची म्हैस पडद्यावर छान दिसली म्हणे.

तुझे पत्र मी त्यांच्यापुढे ठेवले. तू तिकीट काढून पुन्हा गेलीस, ते त्यांनी दोनदा वाचले. मग किनाऱ्यावर जाऊन आले. आल्यावर म्हणाले, पोरगी बरोबर आहे, गोष्ट दोनाचीच. पण सिनेमात आपल्या बंदरावरची पहाट दाखवली, तिला ते दहाखाली यायला तयार नाहीत. दोन आणि दहा, दोन्ही एकदम कुठे दाबायचे, ते तुझ्या संपादकांना विचारून कळवायला सांगितले आहे.

माया आहेच, ती वाढती राहो.

तुझी,
सुगंधाकाकी