देवाची तपासणी, घेवड्याच्या कुंडीत

ती. अक्कास,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा खोटं कशाला लिहू? आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा स्वीकार कर. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? (गेला नसणारच. ते औषध चव बघून घेतात.) आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुझी भाची बॅग भरून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली आहे, आणि तुझी भावजय मला चहा देते तो कप टेबलावर आपटून. बाबा माफी मागत नाहीत तोवर मी घरात पाऊल टाकणार नाही, असा पोरीचा निरोप आहे. माफी! मी! सगळं सविस्तर लिहितो, वाच आणि चूक कुणाची ते तूच ठरव. (माझी नाही, हे धरून चाल.)

मी उभी हयात वजनमापं तपासण्यात घालवली, हे तुला सांगायला नको. दुकानदारांनी काट्याखाली लावलेलं मेण मी नखाने खरवडून काढलं आहे. जे पारड्यात बसत नाही ते मी मानत नाही, आणि तुझा देव काही कधी पारड्यात बसला नाही. यावरून आपण आयुष्यभर भांडलो, पण तुझ्यावर माझा राग नाही. तू निदान सरळ आहेस. पंखा फिरला की तू देवाचे आभार मानतेस, मोटार कशी चालते ते तुला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. अशा माणसाशी बोलताना आपण कुठे उभे आहोत ते समजतं. माझं डोकं फिरतं ते दोन्ही दगडांवर पाय ठेवून वर हसतमुख उभं राहणाऱ्यांना बघून. आणि असा एक नमुना नेमका माझ्याच घरात जावई म्हणून यायला निघाला आहे.

पोरीने सांगितलं की मुलगा वेधशाळेत आहे, ताऱ्यांचा अभ्यास करतो, तेव्हा मी हरखून गेलो. ताऱ्यांची वजनं काढणारा जावई! मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं. (वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला दोनदा सांगितलं गेलं, असं तुझी भावजय म्हणते.) घरात त्याचं नाव आम्ही लाडाने 'दुर्बीण' ठेवलं. मग एका संध्याकाळी त्याचं काम बघायला म्हणून मुद्दाम गेलो. दुर्बिणीला डोळा लावून कुणी बसत नाही, अक्का, हा माझा पहिला अपेक्षाभंग. एक थंडगार खोली, चार पडदे, आकडेच आकडे, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर आणि बिस्किटांचा चेपलेला डबा. तरी म्हटलं, असू दे, आकडे आहेत ना. इतक्यात काम सुरू करायच्या आधी त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवले. आधी मला वाटलं, डुलकी लागली. शेजारच्या सहकाऱ्याला खुणेने विचारलं, तर तो म्हणाला, रोजचंच आहे, प्रार्थना करतो. माझ्या पायाखालची जमीन सरकली! परतताना मी त्याला धारेवर धरलं. काय मागतोस? नवा तारा सापडू दे म्हणून? तर हा शांतपणे म्हणतो, "नाही काका. आज माझ्या हातून चूक होऊ नये, आणि झालीच तर मला ती दिसावी, एवढंच." आता याला काय म्हणावं? मागायचंच तर माणसाने काहीतरी भरघोस मागावं! अशा फालतू मागणीवर मी हल्ला तरी कुठून चढवणार?

मग मी प्रयोग करायचं ठरवलं. घेवड्याच्या दहा कुंड्या. पाचांसाठी दुर्बिणीने आपल्या खोलीवरून प्रार्थना करायची, पाचांना वाऱ्यावर सोडायचं, आणि शेवटी झाडं उपटून माझ्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर वजन. मला वाटलं, हा टाळाटाळ करील. त्याने सांगितलं की देव असा तपासता येईल असं त्याला वाटत नाही, पण काकांना घेवड्याचा प्रयोग करायचाच असेल तर तो नीट व्हायला हवा. आणि मलाच नियम घालायला लागला! माती एका पोत्यातली, खिडकी एकच, आणि पाणी घालणाऱ्याला, म्हणजे मला, कुठल्या कुंड्यांसाठी प्रार्थना चालू आहे हे कळता कामा नये, नाहीतर माझा हात कळत नकळत वाकडा पडेल. माझा हात! ज्या हाताने अख्ख्या बाजाराला घाम फोडला तो! शेवटी कुंड्या पोरीने निवडल्या, त्या फक्त त्या दोघांनाच माहीत होत्या, आणि मी मापाच्या नळीने पाणी घालू लागलो.

रोपं छान वर आली आणि मग माना टाकायला लागली. सगळीच्या सगळी. पानं पिवळी, खोडं मऊ, मातीला वास. ज्या दिवशी दुर्बिणीची आई (शाळेत गणित शिकवते, बोलायला अगदी मोजकी) आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आली, त्याच दिवशी शेवटच्या रोपाने राम म्हटला. मी काय समजायचं? बाहेरचा माणूस घरात एकच येत होता. मी कप खाली ठेवला आणि त्या बाईंना स्पष्ट शब्दांत सांगितलं, की तुमच्या चिरंजिवांनी हार दिसू लागताच कुंड्यांत काहीतरी ओतलं आहे. तिच्या हातातलं बिस्किट तिथेच थांबलं. मुलगा नुसता लाल झाला.

आणि मग बघ माझ्या घरातली माणसं! तुझी भावजय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पाणी मी घालत होते." देव हरला तर लग्न मोडेल या भीतीने ही बाई रोज दुपारी मी झोपलो की तांब्या घेऊन निघायची. देवाच्या कुंड्या कुठल्या ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच घालायची. ते ऐकून पोरगी रडायला लागली. ती सकाळी मी दूध आणायला गेलो की प्रार्थना नसलेल्या पाच कुंड्यांना पाणी द्यायची. का, तर बाबा हरले तर त्यांना सहन होणार नाही. (मीही रोज अर्धा पेला जास्त घालत होतो. कोवळी रोपं तहानलेली दिसायची, बघवत नव्हतं. पण मी सगळ्यांना सारखा घालत होतो, त्यामुळे त्याला कुणी लबाडी म्हणू नये.) थोडक्यात, घेवडा बुडून मेला. मला वाटलं, आता तरी दुर्बीण उसळेल, माझा अपमान करील, म्हणजे फिट्टंफाट होईल. त्याने ओल्या मातीत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "प्रयोग रद्द धरायला हवा, काका. यातून तुमच्या बाजूनेही काही सिद्ध होत नाही आणि माझ्याही नाही." म्हणजे चोर ठरवलेला माणूस माझ्या तोंडावर माझ्याहून चोख वागला. संताप होणार नाही तर काय? आईला घेऊन तो निघून गेला, पाठोपाठ पोरगी गेली. जाताना तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, अक्का.

तर हे असं आहे. विज्ञान आणि देव एका घरात नांदत नाहीत, हे माझं मत होतं, आहे आणि राहील. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात चार दिवस येऊन जा. पोरगी आत्याचं ऐकते. बाबा चुकले असं तिला सांगू नकोस. बाबा म्हणतात की बाबा चुकले, असं सांग. दोन्हींत फरक आहे. त्या गणिताच्या बाईंकडे मी स्वतः जाणार आहे, सोबत तू असलीस तर बरं.

ता. क. दुर्बिणीला मोठ्या दुर्बिणीवर काम करायची पाळी वर्षातून एकदाच मिळते, ती याच आठवड्यात आहे आणि इथे आभाळ गच्च भरलेलं आहे. तू रोज देवापुढे बसतेसच, तर ओघात ढगांचं तेवढं कानावर घाल. माझं नाव येऊ देऊ नकोस.

ता. क. नाव घातलंस तरी चालेल. पण तिथे मला कुणी ओळखत नसेल, तेव्हा तुझा भाऊ म्हणून सांग. खरं तर काल संध्याकाळी मी एकटाच गच्चीवर गेलो होतो. 'मा. महोदय' एवढं म्हणालो आणि पुढे काही सुचेना. तुम्ही लोक सुरुवात कशी करता, ते उलट टपाली कळव.