वाघोलीच्या स्पीडगनविरुद्ध मी

४ जुलै

सकाळी चहाबरोबर मोबाइलवर मेसेज. माझ्या गाडीचं ई-चलान. ठिकाण नगर रोड, वाघोली. मर्यादा पन्नास, वेग त्र्याऐंशी. मोठ्यानं हसलो. गेल्याच महिन्यात सोसायटीनं मला वाहतूक शिस्त समितीचा अध्यक्ष नेमलंय. बिनविरोध. (दुसरं कुणी उभंच नव्हतं, हा माझा दोष नाही.) आणि पोलीस मला वेग शिकवणार.

नीरजाला म्हटलं, आपली गाडी साठच्या पुढे थरथरते, त्र्याऐंशीला कशी जाईल? ती म्हणाली की ऐंशीच्या पुढे थरथरायची थांबते. पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं एकदाही माझ्या बाजूनं साक्ष दिलेली नाही.

संध्याकाळी

नीरजानं ऋचाला सांगितलं. मुलगी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते, त्यामुळे बातमीला लिफ्टपुरताच वेळ लागतो. ऋचाचा निर्णय: हे प्रकरण मिटेपर्यंत स्पृहा शाळेच्या व्हॅननं जाईल. चर्चा नाही.

स्पृहाला, म्हणजे नातीला, रोज सकाळी शाळेत मी सोडतो. सहा वर्षांची आहे. घरात मी बोलायला लागलो की नीरजा मिक्सर लावते, जावई कानात इअरफोन घालतो. गाडीतली ती वीस-पंचवीस मिनिटंच काय ती माझी. ती कुणी काढून घेतलेली मला चालणार नाही. मला वाईट वाटलंय, आणि ते इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही कुणी वाचत नाही.

ठरलं. चलान रद्द करून घ्यायचं. सन्मानपूर्वक. शक्य झाल्यास लेखी दिलगिरीसह.

५ जुलै

दिवसभर नियम वाचले. प्रिंटआउट काढून पिवळा मार्कर फिरवला. वाचताना एक आनंदाची गोष्ट कळली. नियम आपल्यालाच नसतात, पोलिसांनाही असतात. वेग मोजणाऱ्या यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र लागतं. त्या पट्ट्याच्या आधी ठळक फलक लागतो. नोटीस पंधरा दिवसांत यावी लागते. आणि सोबत फोटोचा पुरावा.

बँकेत मी इन्स्पेक्शन खात्यात होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. या खात्याला आजवर माझ्यासारखा माणूस भेटलेला नाही.

नोटीस मात्र नवव्याच दिवशी आली. पोलीस नको तेव्हा तत्पर असतात.

आमोदला, म्हणजे जावयाला, सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ॲपवरून पे करून टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, ओके, कूल. आयटीवाल्यांना तत्त्वाचं ॲप मिळालं तर तेही डाउनलोड करतील.

७ जुलै

शास्त्रीय प्रयोग. गाडीचा काटा बरोबर पन्नासवर ठेवायचा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये वेग किती दिसतो ते बघायचं. नीरजानं गाडीत बसायला नकार दिला. म्हणून पोपटला घेतलं. पोपट इथलाच. प्लॉट, फ्लॅट, फ्लेक्स, जे म्हणाल ते करतो, आणि मला फार मानतो. त्याच्याकडे मोबाइल दिला आणि काटा पन्नासवर आणला.

पोपट म्हणाला, "काका, ह्यात तर बासष्ट हाय."

पुन्हा केलं. पुन्हा बासष्ट. म्हणजे गाडीचा काटा एक सांगतो, मोबाइल दुसरं आणि पोलिसांचं यंत्र तिसरंच. तीनपैकी दोन यंत्रं बिघडलेली आहेत हे आज निर्विवाद सिद्ध झालं. गाडीवर मला पूर्ण विश्वास आहे.

येताना पोपटनं विचारलं, काका, तुम्ही टायर मोठे बसवलेत का? हो म्हटलं, दिसायला चांगले दिसतात. त्याचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

९ जुलै

फलक शोधायला गेलो. उन्हात. टोपी, पाण्याची बाटली, कॅमेरा. ज्या ठिकाणी स्पीडगनची गाडी उभी असते (रसवंतीच्या आडोशाला, हेही नोंदवून ठेवलं), तिथून मागे चालत गेलो. फलक नाही. पुढे गेलो. फलक नाही. गाड्या अंगावरून जात होत्या आणि मी मात्र आनंदात होतो.

एका खांबावर एक फ्लेक्स दिसला. त्यावर चक्क मी. हात जोडलेले, ऋचाच्या लग्नातला गॉगल. "वाहतूक शिस्तीचे खंदे पुरस्कर्ते मा. शरच्चंद्र वैशंपायन साहेब यांची अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." शुभेच्छुक पोपट आणि मित्रपरिवार. मित्रपरिवारातले अकरा चेहरे माझ्या ओळखीचे नाहीत. फ्लेक्स संस्कृतीला माझा विरोध आहे. तरी रंगसंगती चांगली होती. समोर उभं राहून सेल्फी घेतला.

संध्याकाळी

आमोदनं सेल्फी लॅपटॉपवर मोठा केला. फ्लेक्सच्या वरच्या कडेला एक लाल गोल पट्टी डोकावतेय. मागे ५० असणार म्हणाला. मग तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आतून खोकल्यासारखा आवाज येत होता.

पोपटला फोन लावला. त्याचं म्हणणं, "काका, खांब आयता, वर पत्रा आयता. म्हणलं, दोरी मारायला बरं पडंल."

शांतपणे विचार केला. झाकलेला फलक म्हणजे नसलेला फलक. तो कुणी झाकला, हा प्रश्न गौण आहे. किंबहुना मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. अर्जाला तोच फोटो जोडणार. पुराव्यात व्यक्तीला महत्त्व नसतं, म्हणून चेहरा आणि नाव कापलं. उरले जोडलेले हात.

१२ जुलै

वाहतूक शाखेत गेलो. आधी अर्ज ऑनलाइन करायचा प्रयत्न केला होता, पण साइटनं मला तीनदा विचारलं की मी यंत्रमानव आहे का. माणसाच्या तोंडावर बोलणं मला जास्त जमतं.

तिथे उपनिरीक्षक रुपाली मॅडम. वय ऋचाएवढं. बसा काका म्हणाल्या. मी 'काका' हा शब्द सोडून दिला आणि थेट प्रमाणपत्र मागितलं. मला वाटलं होतं, आता शोधाशोध होईल. त्यांनी ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलं. तारीख चालू, शिक्का स्पष्ट. असल्या तयारीचाही मला संशय येतो.

मग फलकाचा फोटो दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला. फ्लेक्स कुणाचा आहे, असं विचारलं. एका ज्येष्ठ नागरिकाचा असावा, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सरकारी फलक झाकलाय म्हणजे फारच गंभीर आहे, आजच माणसं पाठवते, ज्याचं नाव असेल त्याच्यावर कारवाई होईल. मी म्हटलं, एवढी घाई नको.

त्यावर त्या म्हणाल्या की हा खांब रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे. चलान ज्या बाजूला झालंय तिथला फलक वेगळा, आणि तो स्वच्छ दिसतो. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

शेवटचं अस्त्र काढलं. चलानवर फक्त नंबर प्लेटचा तुकडा आहे, मला पूर्ण फोटो हवाय. मॅडम कॉम्प्युटरकडे वळल्या, काहीतरी उघडलं आणि पाहून बंद केलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, माझं ऐका. तो फोटो राहू द्या. चलान भरा आणि विषय संपवा."

सापडले! लपवताहेत. बँकेत एखादा मॅनेजर असा आवाज उतरवायचा, तेव्हा मी सरळ कपाट उघडायला लावायचो. तिथेच लेखी हरकत लिहून दिली: संपूर्ण फोटो कुटुंबीयांच्या उपस्थितीत दाखवण्यात यावा. मॅडम म्हणाल्या, एकदा हे लेखी आलं की मला जे दिसेल ते सगळं नोंदवावं लागेल. मी म्हटलं, नोंदवाच.

त्यांनी पंधरा तारीख दिली.

१३ जुलै

ऋचाला मुद्दाम सोबत न्यायचं ठरवलंय. निकाल तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेला बरा. नंतर तिला माझी माफी मागावीशी वाटेल, पण मी मागू देणार नाही. वडिलांनी मोठं मन दाखवायला हवं.

स्पृहा सकाळी व्हॅनमध्ये बसताना दिसली. मी बाल्कनीतून हात केला. संध्याकाळी तिला विचारलं, व्हॅनमध्ये कंटाळा येतो ना? ती म्हणाली, आम्ही गाणी म्हणतो. पोर बिचारी दुःख लपवायला शिकली.

ब्लेझर इस्त्रीला दिला.

१५ जुलै

नीरजा आणि ऋचा दोघी आल्या. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. नागरिकांचे हक्क, यंत्रांची मर्यादा वगैरे. रुपाली मॅडमनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग ऋचाला म्हणाल्या, तुम्ही जरा बसून बघा.

फोटो समोरून घेतलेला. अगदी स्पष्ट. काचेतून सगळं दिसतं. तारीख, वेळ, त्र्याऐंशी. पुढच्या सीटवर स्पृहा, बेल्ट नाही, दोन्ही हात वर, तोंड उघडं. शेजारी मी. मान तिच्याकडे वळलेली, हसतोय.

माझेही दोन्ही हात वर.

आमचा विमानाचा खेळ. सकाळी तो पट्टा जरा मोकळा मिळतो. मी म्हणतो टेक ऑफ, आणि दोघं हात सोडतो. दोनच सेकंद. तीन. गुडघ्यानं स्टिअरिंग धरता येतं, हे मी तिथे सांगितलं. 

ऋचा स्क्रीनकडेच बघत होती. म्हणाली, "बाबा, ती शाळेत रोज विमानच काढते. मला वाटायचं, तुम्ही तिला गोष्ट सांगता."

बेल्ट तिच्या मानेला टोचतो म्हणून लावत नाही, एवढा खुलासा मी केला. ऋचानं हात पुढे केला. मी किल्ली दिली.

रुपाली मॅडम लिहीत होत्या. त्यांनी आधी फक्त वेगाचं चलान केलं होतं, बाकीचं सोडून दिलं होतं. आता हरकत लेखी आहे, त्यामुळे बेल्ट आला, धोकादायक ड्रायव्हिंग आलं, लायसन्स जमा झालं आणि निलंबनाचा प्रस्ताव आरटीओकडे जाणार. फ्लेक्सचं वेगळं. नियमानुसार एकही चूक त्यांनी केली नाही. मी दोनदा वाचलं.

येताना गाडी ऋचानं चालवली. मी मागे बसलो. बेल्ट लावला. तो मानेला टोचत नाही.

२० जुलै

सोसायटीची मीटिंग. मी राजीनामा देण्याचा विचार बोलून दाखवला. सगळे नको नको म्हणतील आणि मी मान राखून राहीन, असा हिशेब होता. सेक्रेटरी रावसाहेब म्हणाले, मंजूर. अर्ध्या मिनिटात पुढचा विषय पाण्याचा टँकर.

फ्लेक्स काढून नेला. पोपट म्हणतो, कापड चांगलं हाय काका, टँकरवर झाकायला होईल. त्याला आता माझ्याबरोबर कुठे दिसायला वेळ नसतो.

एक विचार: समोरून फोटो काढणं हा खासगीपणाचा भंग नाही का? अपील करता येईल. ऋचाचा राग आठ-दहा दिवसांत उतरेल, तोवर मुद्दे काढून ठेवतो. नवा मार्कर आणला.

८ ऑगस्ट

लायसन्स तीन महिने निलंबित. पत्र आलं.

संध्याकाळी ऋचानं स्पृहाला आमच्याकडे आणलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आई म्हणते आजोबांबरोबर फक्त बसायचं, असं तिनंच मला सांगितलं. बसलो. सोफ्यावर, दोघं. बायका स्वयंपाकघरात होत्या.

म्हटलं, तीन महिने काय, असे जातील. मग पुन्हा आपण दोघं आणि आपलं विमान, गुपचूप. तिनं सोफ्यावरची उशी जवळ ओढली. मी म्हटलं, तू किती आनंदानं ओरडायचीस, आठवतंय ना? पोलिसांच्या फोटोतसुद्धा दिसतेस ओरडताना.

ती उशीच्या टोकाशी खेळत होती. म्हणाली, "मी घाबरून ओरडायचे, आजोबा. तुम्ही हसायचात, म्हणून सांगितलं नाही."

सहा वर्षांच्या मुलीची साक्ष कितपत ग्राह्य धरतात, ते बघायला प्रिंटआउट उघडले. दोन पानं उलटली. मिटून ठेवले.

तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. तिनं माझा हात धरला नव्हता, मीच तिचा धरला होता.