दुसरी मोजणी

३ जानेवारी, भोर
सरांचा फोन. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः केला. आवाज खोल गेलाय. विंझरला गावी येऊन राहिलेत, धाकट्या भावाकडे, तात्यांकडे. हृदय थकलंय, औषधांपलीकडे आता काही करण्यासारखं नाही. हे सगळं एका दमात उरकून मुद्द्यावर आले. "उपग्रहानं ताऱ्यांची अंतरं मोजलीत. नेटवर सगळ्यांना मिळतात म्हणे. आपल्या ढगाचं बघ. मला कळायला हवं."
आपला ढग! पस्तीस वर्षांनी कोणीतरी असं म्हणालं. सरांच्या हाताखाली माझं पीएच.डी.चं काम त्याच्यापासूनच सुरू झालं. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून भौतिकशास्त्र शेजारच्या मुलीच्या बारावीपुरतं उरलंय. मी हो म्हणाले.

८ जानेवारी
लॅपटॉप कुरकुरतोय, पण चालतोय. काम इतकं सोपं आहे की राग येतो. ताऱ्यांमधला हा ढग म्हणजे वायू नि धूळ, स्वतःचा उजेड नाही. त्याच्या अलीकडचे तारे जसेच्या तसे दिसतात, पलीकडचे मंद आणि तांबूस. प्रत्येक ताऱ्याचं अंतर माहीत असलं की तांबूसपणा कुठून सुरू होतो तेवढं बघायचं. तिथं ढग.
आमच्या वेळी एवढ्या ताऱ्यांची अंतरं कुठली? आकाशाच्या फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर भिंग धरायचं आणि काळे ठिपके, म्हणजे तारे, मोजायचे. ढगावरच्या चौकटीत किती, शेजारच्या मोकळ्या आकाशात किती. ढगावर जितके कमी, तितका ढग जवळ. पुढचं गणित सरांचं. मोजणी माझी.

९ जानेवारी
उत्तर आलं. सरांनी तेव्हा काढलेल्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. तीनदा केलं, तेच. भाजी करपली.

११ जाने.
त्या जुन्या आकड्यावरून सर एका माणसाशी कायमचे तुटले. त्या गृहस्थांनी दुसऱ्या पद्धतीनं काढलेलं अंतर बरंच जास्त होतं. सरांनी भर सभेत त्यांच्या कामाला ढिसाळ म्हटलं. कशाच्या जोरावर? माझ्या मोजणीच्या.
नियम असा होता: प्रत्येक चौकट दोनदा मोजायची. दुसऱ्यांदा आठवड्यानं, पहिला आकडा न बघता. दोन्हींत फरक किती, त्यावरून आपल्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा ते ठरतं. माझा फरक इतका कमी यायचा की सर बाकीच्या विद्यार्थ्यांना वही दाखवायचे.
कमी येणारच. दुसऱ्यांदा मी मोजतच नव्हते. पहिल्या आकड्यात दोन-तीन इकडेतिकडे करून लिहायचे. पहिल्या वेळी मंद तारे सुटले असणार. दुसरी मोजणी त्यासाठीच तर असते.
लिहिलं एकदाचं. आई आजारी नव्हती, लग्न ठरत नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. वय चोवीस.

१४ जाने. संक्रांत
विंझर. तिळगूळ घेऊन गेले. सर फार वाळलेत, मनगटावर घड्याळ फिरतं. अंतर सांगितलं. तेवढंच सांगितलं. डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे चूक माझ्या गणितात आहे. मोजणी तर तुझी होती."
तेव्हाच बोलायचं होतं. तोंडात लाडू होता, असं स्वतःला सांगायला हरकत नाही.
तात्या गोठ्याकडून हसत आले. "बाई, सनासुदीचं ग्वाड सांगाया आलाय वाटलं. दादांचं त्वांड तर पार उतरलंया."
सरांनी त्यांना ट्रंकेतून गणिताच्या जुन्या वह्या काढायला लावल्या.

२० जाने.
तात्यांचा फोन. "दादा धा वाजल्यापास्नं वह्या घिऊन बसत्यात. जेवान न्हाई, इसावा न्हाई. नुसतं गनित मांडत्यात. चूक घावली पायजे म्हनत्यात. तुमी सांगा की बाई, तुमचं ऐकत्याल."
"सांगते," म्हणाले.

२१ जाने.
विंझरला गेले नाही. भाटघरला मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं म्हणून. शरम वाटते.

२३ जाने.
कापूरहोळला गाडी बदलताना परत फिरावंसं वाटलं. पण गेले.
अंगणात उन्हाला खाट, मांडीवर वही. उभ्या उभ्याच सांगितलं. "सर, गणितात चूक नाही. दुसरी मोजणी मी केलीच नव्हती. पहिलीवरून लिहिली."
त्यांनी चष्मा काढला, वही मिटली.
"पहिली?"
"ती केली होती."
"तू तीस वर्षं पोरांना शिकवलंस. प्रयोग दोनदा करायला लावायचीस?"
"हो."
"पोरं करायची?"
"नाही."
हसतील वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, "तो बरोबर होता. मी त्याला सगळ्यांसमोर..." मग म्हणाले, "गेला तो. मागच्या साली."
मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. कसलं हलकं.
मग विचारलं, "अजून कुठं?"
"म्हणजे?"
"आणखी नऊ ढगांची मोजणी तुझी आहे. त्यांत कुठं?"
मी आठवत नाही म्हणाले. ते खरं आहे, आणि त्यांना खरं वाटलं नसणार. त्यांनी शाल डोळ्यांवर ओढून घेतली.
तात्या रस्त्यापर्यंत आले. "भांडन झालं का काय?"
"नाही."
"दादा म्हनले, बाईस्नी म्हनावं, येत्या गुरवारी मोजनीच्या वह्या घिऊन या. समद्या."

२८ जाने.
माळ्यावरून वह्या काढल्या. झुरळांनी कडा खाल्ल्यात, आकडे शाबूत. दोन रकाने, पहिली नि दुसरी. दिवसभर फरक काढत बसले. दोन. तीन. दोन. एक. खरंच मोजलं असतं तरी कधीमधी एवढाच आला असता. अक्षर सगळीकडे सारखंच, सुबक. त्या चोवीस वर्षांच्या पोरीला कानाखाली द्यावीशी वाटते.
पाचव्या वहीत एका चौकटीत फरक सतरा. सतरा! म्हणजे तिथं मोजलं होतं. इतका आनंद झाला की रडू आलं. पुढच्या पानावर पुन्हा दोन.
सर विचारतील तेव्हा एका चौकटीवर बोट ठेवता येईल. बाकीच्यांचं काय सांगू, कळत नाही. दुसरी मोजणी नाही केली म्हणाले तर ते खोटं असू शकतं, केली म्हणाले तरी.
दुपारी तात्यांचा फोन. सर कालपासून झोपूनच आहेत, बोलणं कमी झालंय. "पर सकाळधरनं दोनदा इचारलं, बाई कितीच्या गाडीनं येनार."
उद्या सकाळी सातच्या, म्हणाले.