शब्द पुरा होईपर्यंत

३ मार्च, मंगळवार
लेकीला मुलाखतीचं बोलावणं आलं! हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पेशंटचं रक्त काढायच्या जागेसाठी. शिकली तेच आहे. पण आजवर दुसऱ्या एका लॅबच्या मागच्या खोलीत बाटल्यांना लेबलं चिकटवत बसली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. बोलताना अडखळते ती. माझ्यासारखीच. बापाकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, हे तेवढं दिलं.

दर मंगळवारी संध्याकाळी ती अडखळणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गाला जाते. तिथल्या बाई मुलाखतीची तयारी करून घेतात. आज येऊन म्हणते, "बाबा, घरी स-स-सराव हवाय. प्रश्न तुम्ही विचारायचे."

मी! मी बायकोकडे बोट दाखवलं.

"आई काय, उत्तरंही स्वतःच देईल."

खरं आहे. या घरात माझ्या वाटणीचंही तीच बोलते.

५ मार्च, गुरुवार
डोकं दुखतंय म्हणून टाळलं. कागदावर मी कसा घडाघडा बोलतो! तोंड उघडायची वेळ आली की दातखीळ.

८ मार्च, रविवार
बसलो एकदाचा. टेबलापलीकडे लेक, इस्त्रीचे कपडे घालून. बाईंचा नियम तिनं आधीच ऐकवला — दुसऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. नजर वळवायची नाही. थांबायचं. बायको ओट्यापाशी, तोंडावर हात ठेवून.

पहिला प्रश्न: पेशंट घाबरला तर काय म्हणाल? एवढंच वाक्य. 'पे'वरच अडकलो. मान आखडली, डोळे आपोआप मिटले.

"पेशंट—" बायकोच्या तोंडून निसटलंच.

"आई, त्यांचं ते बोलतील."

लेक माझ्याकडे बघत थांबली. माझ्या बोलण्याची इतकी वाट कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. प्रश्न पुरा झाला. मग ती उत्तरात अडकली आणि मी थांबलो. तासभर बसून दोनच प्रश्न झाले. नंतर बाथरूमचा नळ सोडून रडलो.

११ मार्च, बुधवार
भांडण. ती म्हणे आत गेल्या गेल्या सांगणार — मी अडखळते, माझे शब्द पुरे करू नका, थांबा. म्हटलं, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? हे म्हणायला मला कोण वेळ लागला, आणि पोरगी तेवढ्यासाठीही थांबली! मग म्हणाली, "ल-लपवून तुम्हाला काय मिळालं?"

काय मिळालं? जन्मभर कचेरीत आराखडे काढले. बढती देत होते, बैठकांत बोलावं लागेल म्हणून नको म्हटलं. माझ्याहून कच्च्या हाताची माणसं माझे आराखडे तपासत राहिली. तिचं असं होऊ नये. बस, एवढंच मागणं आहे.

१६ मार्च, सोमवार
अर्जावर दुसरा फोन नंबर नेहमी तिच्या आईचा असतो. या वेळी माझा दिलाय! मी फोन उचलत नाही हे जगजाहीर आहे. "आला तर?" म्हटलं.

"तर उचला."

काय कार्टी आहे!

१८ मार्च, बुधवार
मुलाखत झाली. आली ती चेहरा पाडून. "सांगितलं मी त्यांना," म्हणाली. "मग माझ्याच नावावर अडकले. एक साहेब घ-घड्याळ बघत होते."

जेवली नाही. आम्हीही नाही. मी म्हणत होतो तेच खरं ठरणार. देवा, खोटं ठरव मला.

२१ मार्च, शनिवार
फोन नाही.

२४ मार्च, मंगळवार
लेक वर्गात, तिचा फोन बंद. बायको बाजारात. माझा फोन वाजला. वाजतच राहिला. उचलला!

"हॉस्पिटलमधून बोलतोय. मुलाखतीच्या अर्जावर हा नंबर आहे. आपण उमेदवाराचे कोण?"

'वडील' म्हणायचं होतं. ओठांतून नुसती हवा. आता ठेवणार हा, सगळेच ठेवतात.

"सावकाश होऊ द्या," तिकडून आवाज आला. "मी थांबतो. मुलाखतीत त्यांनीच शिकवलंय आम्हाला."

आणि थांबला. खरंच थांबला.

"वडील," मी म्हणालो.

सोमवारपासून तिला कामावर पाठवा, म्हणाला. फोन ठेवून वळलो तर दारात बायको. पिशवी खाली ठेवलेली, तोंडावर हात.